पोचसाहेब

पोचसाहेबांचं नाव निघालं की जालन्यातली जुनी माणसं अजून हसतात. 'दोन कप चहा सांगून हॉटेलवाल्याकडून परत वदवून घेणारा तोच ना?' असं म्हणतात आणि एकमेकांना टाळी देतात. मला त्या टाळीचा राग येतो. विक्षिप्त होते ते, यात वाद नाही. भांडखोर होते, तोंडाने फटकळ होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याला आठवड्यातून एकदा तरी राजीनामा लिहावासा वाटायचा. पण वेडे ते नव्हते. वेडेपणा दुसऱ्यांनी केला, शहाणे म्हणवून घेत केला आणि त्यात एका बाळंतिणीचा जीव गेला.

त्यांचं खरं नाव ट्रस्टच्या पगारपत्रकात असेल. आम्ही माघारी पोचसाहेब म्हणायचो आणि तोंडावर नुसतं साहेब. पोच म्हणजे मिळाल्याची खूण. आपण काही सांगितलं आणि समोरच्याने नुसती मान हलवली, की साहेबांचं डोकं फिरायचं.

"मान तर बैलबी हलवतो. काय ऐकलं ते सांग. पोच दे."

हॉटेलात दोन चहा, त्यातला एक बिनसाखरेचा, असं सांगितलं आणि पोऱ्या 'हो' म्हणून वळला, की हे त्याला परत बोलवायचे. "हो म्हणजे काय? किती?" तो म्हणायचा, "दोन." "बिनसाखरेचा कुणाला?" मग तो गोंधळायचा आणि साहेब आमच्याकडे विजयी मुद्रेने बघायचे. दुसऱ्याची फजिती झाली तर त्यांना आनंद व्हायचा, हेही सांगितलं पाहिजे. चांगुलपणाचा पुतळा मी उभा करत नाही.

त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला सांगितली होती. काकूंचं माहेर कुंभार पिंपळगाव. बघण्याचा कार्यक्रम झाला, मध्यस्थ जालन्याला आला आणि म्हणाला, "पसंत आहे असं समजा." झालं. हे अडून बसले. समजा म्हणजे? पोरीने हो म्हटलं, की बापाने म्हटलं, की तुम्हीच म्हणून राह्यले? मध्यस्थ चिडून निघून गेला. तर हे पठ्ठे एसटीने थेट कुंभार पिंपळगावला, आठवडी बाजाराच्या दिवशी. ओसरीवर पाहुणे बसलेले असताना यांनी सासऱ्यांना सांगितलं, की मुलीला बाहेर बोलवा, मला एक विचारायचंय. घरात हलकल्लोळ झाला.

"म्हातारी मावशी तर रडायलाच लागली, सोयरीक मोडली म्हणून," काकू सांगत होत्या. "मी आले बाहेर. मला म्हणले, तुमचा होकार माझ्यापत्तर आला, तो तुमीच धाडला होता का? मी गप. कारण त्या घडीपत्तर मला कुणी इचारलंच नव्हतं."

"मग?"

"मंग काय. त्येनी इचारलं म्हणून म्हणले हो."

ऐंशीच्या दशकात साहेब जालन्याच्या तार ऑफिसात होते. बी.एस्सी. झालेले. तिथे खटखटणाऱ्या टेलिप्रिंटरसमोर त्यांना हा पोचेचा छंद लागला असावा. पुढे कॉम्प्युटर आले, तसे सुट्टीच्या दिवशी औरंगाबादला जाऊन त्यांनी कोर्स केले आणि सरकारी नोकरी सोडून दिली. तेव्हा लोकांनी एक कहाणी उठवली, की यांच्या बहिणीच्या आजारपणाची तार उशिरा मिळाली म्हणून यांच्या मनावर परिणाम झालाय. मी एकदा भीत भीत विचारलं. केवढे उसळले!

"मला बहीणच न्हाई! लोकायला ना, एखादा माणूस बराबर बोलला की त्याला काहीतरी दुखणं असलंच पाहिजे. मी बराबर आहे म्हणून बराबर बोलून राह्यलो. दुखणं कशाला लागतं?"

मी त्यांच्या हाताखाली आले ती दोन हजार सालानंतर. जालन्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टची रक्तपेढी होती. मंठ्याला आणि तीर्थपुरीला ट्रस्टने दोन लहान केंद्रं उघडली. एक खोली, एक रक्ताचा फ्रीज, एक कॉम्प्युटर, एक टेलिफोन आणि एक तंत्रज्ञ. मंठ्याला मी होते, तीर्थपुरीला मिलिंद नावाचा मुलगा. तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेने एकमेकांशी बोलायचे. ते कसं बोलायचे, हे सगळं साहेबांनी एकट्याने लिहिलेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. मे महिना होता. खिडकीला त्यांनी वाळ्याचा पडदा लावला होता, पंखा होता, पण दोन्हींचा वारा कॉम्प्युटरवर. मी घामाने निथळत होते.

"माणूस घाम पुसतो, बाई. डिस्क पुसत न्हाई," ते म्हणाले. "ऐका. तुमच्या फ्रीजात काय आहे ते तुमच्या मशीनला माहीत. तीर्थपुरीच्या फ्रीजात काय आहे ते त्या मशीनला माहीत. तुमाला पिशवी पाहिजे, तुमच्याकडं न्हाई. तुमचं मशीन तीर्थपुरीला इचारतं. आता ते मशीन आधी काय करंल?"

"आहे किंवा नाही सांगेल."

"न्हाई! आधी लिहील. सोताच्या डिस्कवर. ही पिशवी मंठ्यासाठी अडकवली, कुणाला द्यायची न्हाई. ते लिहून झाल्यावर तुमाला म्हणंल, आहे. मंग तुमचं मशीन लिहील, घेतली. आन मंग तसं तिकडं कळवंल. आधी लिहायचं, मंग बोलायचं. का?"

त्यांनी उठून भिंतीतला प्लग उपटला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

"याच्यासाठी," ते म्हणाले. "लाईट गेली. बोललेलं तारेत गेलं. आता उठल्यावर हे मशीन काय खरं मानंल? जे लिहिलेलं आहे तेच. आपण कुणाला काय शब्द दिला, ते आधी वाचंल आन मंग तोंड उघडंल."

प्लग उपटायची त्यांची ही सवय केंद्राच्या उद्घाटनातही सुटली नाही. पाहुणे कॉम्प्युटरसमोर उभे, फोटोवाला तयार, कौतुकाची भाषणं झालेली आणि पिशवी मागवण्याचं प्रात्यक्षिक अर्ध्यावर असताना साहेबांनी प्लग ओढला. अध्यक्षांचा चेहरा पडला. "आता बघा," साहेब म्हणाले, "याला सगळं आठवंल." ते खरंच होतं. फक्त त्या काळच्या कॉम्प्युटरला उठायला एवढा वेळ लागायचा, की तोवर पाहुणे नाश्त्याला निघून गेले. शेवटी मशीनने सगळं बिनचूक सांगितलं, ते ऐकायला मी, मिलिंद आणि हार घेऊन आलेला शिपाई एवढेच उरलो होतो. साहेब तरीही खूश. आम्हा तिघांकडून पोच घेतली.

या सगळ्यात एक अडचण होती आणि ती साहेबांनी कधी लपवली नाही. तीर्थपुरीच्या मशीनने पिशवी अडकवली, 'आहे' म्हणून कळवलं आणि तेवढ्यात टेलिफोनची लाईन गेली तर? माझं 'घेतली' तिकडे पोचलंच नाही तर? तीर्थपुरीला कळणार कसं, की मंठ्याला पिशवी हवी आहे की नको? कळायचंच नाही. पिशवी तशीच लटकून राहायची, ना मंठ्याची ना दुसऱ्या कुणाची. लाईन परत आली की मशीन आपोआप विचारून घ्यायचं. पण आमच्या भागातल्या लाईनी एकदा गेल्या की लवकर यायच्या नाहीत. मग माणसाला जावं लागायचं. साहेब स्वतः जायचे. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, वरच्या खणात फ्लॉपी आणि खालच्या खणात भाकरी, असे ते एसटीने मंठ्याला यायचे, माझ्या मशीनवरचं लिहिलेलं उतरवून घ्यायचे आणि परतूरवरून तीर्थपुरीला जायचे.

मिलिंद एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, तासभर उत्तर आलं न्हाई तर नको असंल असं धरून पिशवी मोकळी करू ना. बिनकामाची अडकून राह्यली."

साहेबांनी त्याला इतकं बोलून घेतलं, की पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यातलं एक वाक्य मी विसरले नाही. "उत्तर आलं न्हाई, म्हणजे 'न्हाई' असं उत्तर आलं, असं बिलकुल न्हाई! तुला माहीत न्हाई तर माहीत न्हाई म्हण. तुझ्या सोईचं उत्तर त्याच्या तोंडात घालू नको."

मिलिंदला ते पटलं. ज्याला पटायला हवं होतं त्याला कधी पटलं नाही.

दुसऱ्या वर्षी ट्रस्टने पुण्याहून नवे व्यवस्थापक आणले. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, प्रत्येक वाक्यात कार्यक्षमता. लटकलेल्या पिशव्या त्यांच्या डोळ्यांत खुपल्या. एखादी पिशवी लटकून लटकून मुदतबाह्य व्हायची, हे खरं होतं. त्यांनी बैठक घेतली आणि दोन हुकूम सांगितले. पहिला, पाव तासात उत्तर आलं नाही तर पिशवी आपोआप मोकळी करायची. दुसरा, प्रत्येक निरोप आधी डिस्कवर लिहिण्यात वेळ जातो, सबब ते लिहिणं बंद. फक्त शेवटचा साठा तेवढा ठेवायचा.

साहेब उभे राहिले. "लिहिणं बंद केलं तर उद्या कोण काय बोललं, हे कुणाला कळंल?"

"आपण एकमेकांवर विश्वास ठेवू या ना," व्यवस्थापक हसून म्हणाले.

"इस्वासाचा काय संबंध? मी तुमच्यावर इस्वास ठेवंल हो. तारेवर कसा ठेवू?"

"साहेब, तुम्ही अजून तार ऑफिसातच आहात."

बैठकीतली सगळी माणसं हसली. डॉक्टर होते, विश्वस्त होते, शिकलेली माणसं. साहेबांनी हुकूम मानायला नकार दिला, तेव्हा त्यांना 'सहकार्याच्या अभावी' कामावरून कमी केलं आणि औरंगाबादच्या एका कंपनीकडून प्रोग्रॅममध्ये हे दोन बदल करून घेतले. दोन दिवसांचं काम होतं म्हणे. आमचे कॉम्प्युटर खरंच जलद चालायला लागले. व्यवस्थापकांचा सत्कार झाला.

वंदना मंठ्याजवळच्या एका खेड्यातली. पहिलटकरीण. मंठ्याच्या नर्सिंग होममध्ये दुपारी बाळंत झाली, मुलगी झाली आणि रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. तिचा भाऊ सुभाष, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान असलेला उंच मुलगा, धावत माझ्याकडे आला. माझ्या फ्रीजमध्ये तो गट नव्हता. तीर्थपुरीला विचारलं. पडद्यावर आलं, आहे, एकच पिशवी, तुमच्यासाठी ठेवली. मी 'घेतली' असं पाठवलं. सुभाषला जुळवून बघण्यासाठी वंदनाच्या रक्ताचा नमुना आणि बर्फाची पेटी दिली. तो जीप घेऊन निघाला.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "नक्की आहे ना? नसेल तर आत्ताच्या आत्ता हिला जालन्याला हलवतो."

मी म्हटलं, "आहे. आपल्या नावावर ठेवली आहे."

त्या एका 'आहे'वर वंदनाला मंठ्यात ठेवलं.

सुभाष गेला आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की लाईन गेली आहे. फोन उचलला तर आत नुसती शांतता. मोबाईलची रेंज तेव्हा आमच्याकडे नव्हतीच. माझा निरोप लाईन जायच्या आधी पोचला की नंतर तारेतच विरला, हे मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. तीर्थपुरीच्या मशीनने मात्र पाव तास वाट पाहिली आणि पिशवी मोकळी केली. त्याच सुमाराला मिलिंदच्या केंद्रासमोरच्या दवाखान्यात अपघाताचा पेशंट आणला. उसाच्या ट्रॅक्टरखाली आलेला माणूस. त्यालाही ओ निगेटिव्हच लागत होतं. मिलिंदने मशीनला विचारलं, मशीन म्हणालं, मोकळी आहे. त्याने तरीही मला फोन लावला, परत परत लावला. लागला नाही. समोर माणूस मरतोय, मशीन मोकळी म्हणतंय, मिलिंदने पिशवी दिली.

संध्याकाळी सुभाष रिकामी पेटी घेऊन परत आला. मग वंदनाला जालन्याला न्यायला निघाले. वाटूर फाट्याच्या पुढे ती जीपमध्येच गेली.

दोन दिवसांत बातमी पसरली, की तीर्थपुरीच्या पोराने पिशवी पैसे घेऊन दुसऱ्याला विकली. मिलिंदच्या आडनावावरून जे बोललं गेलं, ते लिहायची मला लाज वाटते. बोलणाऱ्यांना वाटली नाही. ट्रस्टने एका ओळीत हे खोटं पाडायला हवं होतं. ट्रस्ट गप्प राहिला. मिलिंदला घरी बसवलं, चौकशी समिती नेमली आणि आम्हाला ताकीद दिली, की कुटुंबीयांशी कुणी बोलायचं नाही.

चौकशीत मी सांगितलं, की मी 'घेतली' म्हणून पाठवलं. मिलिंदने सांगितलं, त्याच्याकडे ते आलं नाही.

"म्हणजे तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय," व्यवस्थापक म्हणाले.

मग त्यांनी साहेबांना बोलावणं धाडलं. गंमत बघा, ज्याला हाकललं त्यालाच. साहेब आले, तोच मळका सदरा. व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली, गोड आवाजात विचारलं, "मूळ प्रोग्रॅम तुमचा. दोघांपैकी कुणाची चूक असू शकते, एवढं तज्ज्ञ म्हणून सांगा. तुमच्या फेरनियुक्तीचा विषयही पुढच्या बैठकीत आहे."

मी साहेबांकडे बघत होते. मला खात्री होती, ते माझी बाजू घेतील. मी कशी काम करते ते त्यांना ठाऊक होतं.

"मला माहीत न्हाई," साहेब म्हणाले.

माझा संताप झाला. मनात म्हटलं, हा माणूस मेला तरी कुणाचा होणार नाही.

"अंदाजे तरी?"

"अंदाज कशाला? दोघंबी खरं बोलून राह्यले असतील. हिनं धाडलं असंल, त्याला मिळालं नसंल. मधी तार आहे. कोण काय बोललं ते मशीन लिहून ठेवत होतं, तर तुमी त्याचं लिहिणं बंद केलं. आता मला इचारता कोण खरं? ज्यानं लिहिणं बंद केलं त्याला इचारा ना."

"तुमच्या पद्धतीने पिशवी अडकून राहिली असती तर अपघाताचा तो माणूस मेला असता. नियमाने एक जीव वाचवला, हे तुम्ही विसरताय."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. कप उडाला.

"अडकलेली असती तर त्या माणसाला तिथल्या तिथं 'न्हाई' म्हणलं असतं आन जल्दी जालन्याला धाडलं असतं. कदाचित जगला असता, कदाचित न्हाई. मला माहीत न्हाई. पण त्या बाईला तुमी 'आहे' म्हणलं! 'आहे' म्हणून तिला तिथं पाडून ठेवलं. सुरुवातीलाच 'न्हाई' म्हणले असते तर ती दुपारीच निघाली असती. एका तोंडानं शब्द देता, पाव तासानं तोच शब्द दुसऱ्याला देता आन पहिल्याला सांगतबी न्हाईत. याला नियम म्हणता?"

समितीने अहवालात लिहिलं, की तज्ज्ञांना निश्चित मत देता आलं नाही. मिलिंदला निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढलं.

मी फाटकापाशी साहेबांना गाठलं. "दोघांना वाचवायला गेलात आणि पोराची नोकरी गेली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चला," म्हणाले, "वंदनाच्या बापाकडं. त्याला अजून कुणीच काही सांगितलं न्हाई."

"बोलायचं नाही म्हणून लेखी ताकीद आहे, साहेब."

"तुमाला आहे. मला न्हाई. मी नोकर न्हाई त्यांचा. तुमी नुसतं घर दाखवा."

मी नुसतं घर दाखवलं नाही. आतही गेले.

वंदनाचे वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ओट्यावर बसले होते, आत पाळण्यात नात झोपलेली. सुभाष मला बघताच उठून उभा राहिला, मुठी आवळून. साहेब खाली सतरंजीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली. फिरवाफिरव नाही, हळहळ नाही. पिशवी होती. तुमच्या पोरीच्या नावानं ठेवली होती. मग अमुक हुकूम, मग लाईन, मग पाव तास, मग दुसरा पेशंट. मिलिंदने विकली नाही, त्याला मशीनने मोकळी सांगितली. हुकूम कुणी दिला, ते नाव घेऊन सांगितलं.

सुभाष खांबाला टेकून उभा होता, त्याच्या मुठी केव्हा सुटल्या ते मला दिसलं नाही.

"ज्याला ती बाटली दिली," आप्पांनी विचारलं, "तो गडी वाचला का?"

"वाचला," साहेब म्हणाले.

"लेकरंबाळं?"

"तीन."

आप्पांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "त्याला ह्यातलं काही कळू देऊ नका. जिंदगीभर त्याच्या गळ्याला पडंल ते."

साहेबांनी होकार दिला. जन्मभर प्रत्येक निरोप पोचलाच पाहिजे म्हणून जगाशी भांडलेला माणूस, पण तिथे त्यांनी वाद घातला नाही.

"आन ते पोरगं? घरी बसवलं म्हणता?" आप्पा म्हणाले. "मी येतो जालन्याला. उद्याच येतो."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण मला शेवट त्याच्याने करायचा नाही. मिलिंदला परत घेतलं, दिलगिरीचा एक शब्द न बोलता. पाव तासाचा नियम गुपचूप काढला, निरोप लिहिणं गुपचूप सुरू केलं. साहेबांना परत घेतलं नाही. त्यांच्या प्रोग्रॅमवर त्यांच्याशिवाय ती केंद्रं पुढे कित्येक वर्षं चालली आणि ते जालन्यात कुणाकुणाची बिलं बनवून देणाऱ्या दुकानात काम करत राहिले. व्यवस्थापक मोठ्या इस्पितळात मोठ्या पगारावर गेले. निरोप समारंभात त्यांना शाल दिली. त्या शालीची मला अजून चीड येते.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले, धुतलेलं धोतर आणि टोपी, बरोबर सुभाष. साहेब आणि मी दाराशी उभे राहिलो. व्यवस्थापकांनी स्वतः उठून आप्पांना बसवलं, चहा मागवला. आप्पांनी कपाला हात लावला नाही.

"त्या तीर्थपुरीच्या पोराचा दोष न्हाई," ते म्हणाले. "मशीननं मोकळी म्हणलं, समोर माणूस मरून राह्यल्ता, त्यानं दिली. त्याच्या जागी मी असतो तर मीबी दिली असती. त्याला कामावर घ्या. मी एवढंच सांगाया आल्तो."

व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. त्यांनी आप्पांच्या मोठेपणाबद्दल दोन वाक्यं म्हटली, टायपिस्टला बोलावून हळू आवाजात काही सांगितलं. थोड्या वेळात कागद आला. त्यांनी तो पेनसकट आप्पांपुढे सरकवला. "तुम्ही म्हणालात तेवढंच लिहिलंय. इथे सही करा, म्हणजे त्या मुलाचं काम होऊन जाईल."

आप्पांनी खिशातून चष्मा काढला, कागदावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागले. त्यांच्या पुटपुटण्यातून मजकूर मला दाराशी ऐकू येत होता. सदर घटनेत कोणाचाही दोष नसल्याची कुटुंबीयांची खात्री झाली असून त्यांची कसलीही तक्रार नाही.

आप्पांनी शेवटपर्यंत वाचलं. मग वर बघितलं.

"हे कोण म्हणलं?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता."

"मी म्हणलो, त्या पोराचा दोष न्हाई. कुणाचाच न्हाई, असं मी म्हणलो न्हाई."

साहेब तावातावाने पुढे झाले, काहीतरी बोलणार होते. आप्पांनी त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. कागद परत व्यवस्थापकांपुढे सरकवला, पेन त्याच्यावर ठेवलं आणि चष्मा काढून टोपीच्या टोकाने पुसत म्हणाले,

"परत लिवा. आमी बसलोत हितं."